नावांमधली तिरकी रेघ : रजिस्ट्रेशन संपलेल्या एका गाडीच्या दानाचं प्रकरण

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमॉन्ट गावी एका टाउनहाउसच्या ड्राइव्हवेत २००३ सालची टोयोटा कॅमरी उभी होती. पुढचं डावं चाक पार बसलेलं, मागच्या काचेवर सुकलेल्या पानांचा थर, आणि नंबर प्लेटच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात २०२१ सालचं स्टिकर. सप्टेंबर २०२४ मध्ये तिथल्या घरमालकांच्या असोसिएशनचं पत्र आलं : रजिस्ट्रेशन नसलेली, न चालणारी गाडी ३० दिवसांत हलवा, नाहीतर आम्ही टो करून नेऊ.

पत्र हातात घेऊन काकू माझ्याकडे आल्या त्या पत्र आल्यावर तीन आठवड्यांनी. मी कॅलिफोर्नियात लोकांची टॅक्स रिटर्न्स भरून देते. काका-काकूंचीही कित्येक वर्षं भरली. हे प्रकरण त्यांच्या परवानगीनेच लिहिते आहे. नावं दिलेली नाहीत आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. लिहायचं कारण एवढंच, की ज्या चुकीमुळे काकूंचे तीन आठवडे वाया गेले ती चूक मी मराठी घरांमध्ये पुन्हा पुन्हा पाहते.

आधी गाडी या अवस्थेला कशी आली ते सांगते. काका रोज सकाळी साडेसहाला निघून डम्बार्टन पुलावरून मेन्लो पार्कला कामाला जायचे. मार्च २०२० मध्ये बे एरियात घरीच थांबायचा आदेश निघाला आणि गाडी थांबली. उन्हाळ्यात काकांचं दुखणं कळलं, ऑक्टोबरमध्ये ते गेले. काकूंना गाडी चालवता येत नाही. मुलगा टेक्सासमध्ये. त्याने २०२१ मध्ये विमा बंद केला आणि गाडीचा विषय मनावेगळा केला. वडिलांच्या वस्तूंपैकी तीच एक वस्तू अशी होती, की जिच्याकडे बघितलं नाही तरी घर चालत होतं.

इथे कॅलिफोर्नियाचा एक नियम आड येतो. गाडी वापरायची नसेल तरी डीएमव्हीला, म्हणजे राज्याच्या वाहन नोंदणी खात्याला, काहीतरी कळवावंच लागतं. एकतर रजिस्ट्रेशन नवं करायचं, नाहीतर ‘प्लॅन्ड नॉन-ऑपरेशन’ नोंदवून थोडीशी फी भरायची, म्हणजे गाडी रस्त्यावर येणार नाही असं सांगायचं. दोन्हीपैकी काहीच केलं नाही, तर फी आणि त्यावरचा दंड चढत राहतो. ही थकबाकी पुढे वसुलीसाठी फ्रँचाइज टॅक्स बोर्डाकडे, म्हणजे राज्याच्या कर खात्याकडेही जाऊ शकते. काकूंच्या घरी नूतनीकरणाची पत्रं काकांच्या नावाने येत होती, आणि काकांच्या नावाची पाकिटं काकू न फोडता एका खोक्यात ठेवत होत्या. मी त्यांना त्याबद्दल एक शब्दही बोलले नाही. अशी खोकी मी बऱ्याच घरांत पाहिली आहेत.

गाडी विकायचं म्हटलं तर अडचण निराळी. या राज्यात खाजगी विक्रीत स्मॉग सर्टिफिकेट, म्हणजे गाडीच्या धुराच्या तपासणीचा दाखला, विकणाऱ्याने द्यायचं असतं, आणि चार वर्षं न हललेली गाडी स्मॉग टेस्टला न्यायची तर आधी ती सुरू व्हायला हवी. म्हणून मुलाने दानाचा मार्ग धरला. त्याने एका संस्थेची जाहिरात ऐकली होती. फोनवरच्या बाईंनी त्याला सांगितलं, की रजिस्ट्रेशन संपलेलं असलं तरी चालेल, गाडी सुरू होत नसली तरी चालेल, टो ट्रक फुकट पाठवू, फक्त टायटल (गाडीच्या मालकीचा कागद) हातात ठेवा. हे सगळं खरंच होतं. मुलगा निश्चिंत झाला. आईला म्हणाला, “तू फक्त टायटलवर सही कर आणि किल्ली दे.”

ट्रक आला. चालकाने टायटल हातात घेतलं, पाहिलं, आणि विचारलं, “दुसरी सही कुठे आहे?” काकू म्हणाल्या, “ते नाहीत आता.” त्याने दिलगिरी व्यक्त केली, टायटल परत दिलं आणि रिकामा ट्रक घेऊन गेला. तो बरोबर वागला. त्या कागदावर त्याने गाडी नेली असती, तर पुढे ती कोणाच्याच नावावर झाली नसती.

आता मुद्द्याची गोष्ट. भारतात गाडीचं आरसी बुक असतं. नोंदणी आणि मालकी दोन्ही आपण त्या एकाच कागदावरून ओळखतो. कर्ज असेल तर बँकेचा बोजाही त्याच्यावरच लिहिलेला. त्यामुळे ‘गाडीचे कागद’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे एकच कागद येतो. अमेरिकेत ते दोन आहेत. रजिस्ट्रेशन म्हणजे ही गाडी यंदा रस्त्यावर चालवायची परवानगी. कॅलिफोर्नियात ते दरवर्षी संपतं. टायटल म्हणजे गाडी कोणाची आहे त्याचा दाखला, आणि तो संपत नाही. रजिस्ट्रेशन तीन वर्षांपूर्वी संपलं म्हणून काकूंची मालकी तसूभरही कमी झाली नव्हती. आणि उलट, रजिस्ट्रेशन अगदी ताजं असतं तरी टायटलवरच्या सह्या पुऱ्या नसल्या तर गाडी दान करता आली नसती. घरातले सगळे स्टिकरची काळजी करत बसले होते. टायटल उघडून नीट वाचलं नव्हतं कोणीच.

ते मी माझ्या टेबलावर उघडलं. मालकांच्या रकान्यात काकांचं नाव, मग एक तिरकी रेघ, मग काकूंचं नाव. कॅलिफोर्नियाच्या टायटलवर दोन नावांमध्ये ‘ऑर’ छापलेलं असेल, तर दोघांपैकी कोणाही एकाची सही पुरते. ‘अँड’ असेल तर दोघांच्या सह्या लागतात. आणि नुसती तिरकी रेघ असेल, तर तिचा अर्थ ‘अँड’च धरतात. २००३ मध्ये डिलरच्या कचेरीत फॉर्म भरताना ती रेघ कोणी आणि का मारली, हे काकूंना आठवत नव्हतं. कोणाला आठवणार? गाडी घेण्याच्या आनंदात माणूस रेघेकडे बघत नाही. पण तुमच्या घरी जोडीने घेतलेली गाडी असेल, तर आज उठून टायटल काढा आणि दोन नावांच्या मध्ये काय आहे ते बघा. दोघंही हयात असताना ते बदलून घेणं सोपं आहे.

खाली कर्ज देणाऱ्या बँकेचं नाव होतं. माझ्या पोटात गोळा आला, कारण ती बँक आता त्या नावाने अस्तित्वात नाही. दुसऱ्या बँकेत विलीन झाली. अशा वेळी बँकेतल्या ठेवींचा विमा उतरवणाऱ्या एफडीआयसी या सरकारी संस्थेच्या नोंदींतून तिचा आजचा वारस शोधायचा, त्यांच्याकडून कर्ज फिटल्याचं सहीनिशी पत्र आणायचं, यात आठवडे जातात. पण टायटलच्या दुसऱ्या ओळीवर बँकेच्या अधिकाऱ्याची सही होती, तारीख २००८ ची. हप्ते फिटल्यावर बँकेने सही करून टायटल घरी पाठवलं होतं, आणि काकांनी ते तसंच फाइलला लावलं होतं. तो धागा तिथेच सुटला.

राहिली काकांची सही. त्यासाठी डीएमव्हीचा आरईजी ५ नावाचा फॉर्म आहे : प्रोबेटशिवाय, म्हणजे वारसाहक्काच्या कोर्टाच्या कामाशिवाय, गाडी हस्तांतरित करण्याचं शपथपत्र. मृत्यूला ४० दिवस होऊन गेलेले असले पाहिजेत, प्रोबेटचं काम चालू नसलं पाहिजे, मालमत्ता कायद्याने ठरवलेल्या मर्यादेत असली पाहिजे, आणि सही करणारा वारस असला पाहिजे. काकांनी घर हयातीतच ट्रस्टमध्ये टाकलं होतं, त्यामुळे प्रोबेटची वेळ आलीच नव्हती. सोबत मृत्यूच्या दाखल्याची प्रत. गाडी आधी एकट्या काकूंच्या नावावर करून मग दान करायचीही गरज नव्हती. वारस म्हणून त्यांना ती थेट संस्थेला देता येत होती.

पण टायटलवर सही करायची रीत अशी, की वारसाने मृत मालकाचं नाव लिहायचं आणि पुढे ‘बाय’ लिहून स्वतःची सही करायची. मी काकूंना कच्च्या कागदावर तसं लिहून दाखवलं. काकूंनी पेन उचललं आणि थांबल्या. म्हणाल्या, “अगं, मी त्यांचं नाव कधी घेतलं नाही. उखाण्यात घेतलं तेवढंच.” पंचेचाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी नवऱ्याला ‘अहो’ म्हटलं होतं, आणि आता त्यांना त्याच्या वतीने त्याचं नाव लिहायचं होतं. टायटलवर खाडाखोड झाली तर वेगळं शपथपत्र जोडावं लागतं, म्हणून मी त्यांना आधी दोन-तीनदा सराव करून घ्या म्हटलं. त्यांनी पान भरून नाव लिहिलं, आधी मराठीत, मग इंग्रजीत. मग टायटल पुढे ओढलं आणि पहिल्या ओळीवर एका दमात, स्वच्छ अक्षरात लिहिलं. खाली दुसऱ्या मालकीण म्हणून स्वतःची सही केली. सरावाचा कागद मी टाकायला घेतला तर त्यांनी तो माझ्या हातातून घेतला आणि घडी करून पर्समध्ये ठेवला.

असोसिएशनला मी पत्र लिहून आणखी ३० दिवस मागितले. कारण कळलं तर लोक ऐकतात. त्यांनी मुदत दिली. या मुदतीत मी एक गोष्ट काकूंसमोर पुन्हा मांडली, जिचा विचार घाईत झालाच नव्हता : गाडी द्यायची ती नक्की कोणाला?

मुलाने निवडलेली संस्था खोटी नव्हती. आयआरएसच्या, म्हणजे संघराज्याच्या कर खात्याच्या, करमुक्त संस्थांच्या शोधात तिचं नाव होतं, कॅलिफोर्नियाच्या अॅटर्नी जनरलकडच्या धर्मादाय नोंदवहीतही होतं. या दोन जागा पाच मिनिटांत तपासून होतात, आणि त्या न तपासता कोणी गाडीची किल्ली देऊ नये. पण काकूंना ती संस्था काय काम करते हे सांगता येईना. मुलालाही येईना. मी विचारलं, “काकू, तुम्हाला कोणाला द्यायला आवडेल?” त्या लगेच म्हणाल्या, “शेवटचे पाच आठवडे ज्या नर्स घरी येत होत्या ना, त्यांच्या हॉस्पिसला.” हॉस्पिस म्हणजे शेवटच्या दिवसांतल्या रुग्णांची काळजी घेणारी संस्था.

हॉस्पिस गाड्या स्वीकारत होतं, पण स्वतः नाही. बहुतेक संस्था गाड्यांचं काम एका मध्यस्थ कंपनीला देतात. ती कंपनी फोन घेते, ट्रक पाठवते, गाडी लिलावात विकते, खर्च आणि आपला वाटा कापते आणि उरलेली रक्कम संस्थेला देते. यात गैर काही नाही. हॉस्पिसच्या नर्सनी गाड्या विकत बसावं अशी अपेक्षा कोण करेल? पण किती उरतं हे विचारायचा हक्क देणाऱ्याला आहे. २००३ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकी संसदेच्या हिशेब तपासणी कार्यालयाने, तेव्हाच्या जनरल अकाउंटिंग ऑफिसने, ५४ गाड्यांचा शेवटपर्यंत माग काढला होता. त्यातल्या सुमारे दोन तृतीयांश गाड्यांच्या बाबतीत, देणाऱ्याने टॅक्ससाठी जेवढी किंमत दाखवली तिच्या फक्त ५ टक्के किंवा त्याहूनही कमी पैसे संस्थेच्या हाती पडले होते. लोक गाड्यांची पुस्तकी किंमत लिहीत होते आणि गाड्या भंगाराच्या भावाने जात होत्या.

त्या अहवालानंतर २००४ मध्ये कायदा बदलला आणि १ जानेवारी २००५ पासून नियम कडक झाला. दान केलेल्या गाडीपोटी ५०० डॉलरपेक्षा जास्त वजावट मागायची असेल, तर संस्थेने गाडी जेवढ्याला विकली तेवढीच रक्कम मागता येते. संस्था ती रक्कम १०९८-सी फॉर्मवर लिहून विक्रीनंतर ३० दिवसांत पाठवते, आणि त्याची प्रत रिटर्नला जोडावी लागते. विक्री ५०० डॉलर किंवा त्याहून कमीत झाली, तर बाजारभाव आणि ५०० यांतली जी लहान रक्कम असेल ती. अपवाद मोजके आहेत : संस्थेने गाडी स्वतःच्या कामात खरोखर वापरली, तिच्यात मोठी दुरुस्ती केली, किंवा एखाद्या गरजू माणसाला फुकट अथवा अगदी कमी किमतीत दिली. व्हर्मॉन्टमधलं गुड न्यूज गॅरेज किंवा मेरीलँडमधली व्हेइकल्स फॉर चेंज अशा संस्था दान आलेल्या गाड्या दुरुस्त करून कामावर जायला गाडी नसलेल्या कुटुंबांना देतात. मला हे काम फार मोलाचं वाटतं. काकूंच्या गावाजवळ असती, तर मी त्यांना तिकडेच पाठवलं असतं.

मुलाचा फोन आला तेव्हा त्याने जुन्या गाड्यांचे भाव देणाऱ्या केली ब्लू बुकवरून किंमत काढून ठेवली होती. “ताई, साधारण तीन हजार डॉलरची वजावट बसेल ना? माझ्या रिटर्नवर घेता येईल का?” दोन्ही प्रश्नांना उत्तर नाही असंच होतं. गाडी त्याची नव्हती, म्हणून दानही त्याचं नव्हतं. आणि काकूंना वजावटीचा उपयोगच नव्हता. २०२४ साली एकट्या, ६५ किंवा त्याहून जास्त वयाच्या व्यक्तीला ठरावीक वजावट १६,५५० डॉलर मिळत होती. ती सोडून दान वगैरे एकेका खर्चाची वजावट मागायची, तर त्यांची बेरीज या आकड्याहून जास्त असेल तरच फायदा. घराचं कर्ज फिटलेलं, इतर खर्च किरकोळ. सगळी दानं आणि मालमत्ता कर मिळूनही काकू त्या आकड्याच्या जवळपास जात नव्हत्या. म्हणजे गाडी दान करून त्यांचा एक डॉलरही टॅक्स वाचणार नव्हता. हे मी त्यांना सही करण्याआधीच सांगितलं, आणि पुढचंही सांगितलं : गाडी भंगारवाल्याला स्वतः विकून तो चेक हॉस्पिसला दिला, तर मध्यस्थाचा वाटा वाचेल आणि हॉस्पिसला कदाचित तेवढेच किंवा थोडे जास्त पैसे मिळतील. माझ्या व्यवसायाच्या हिशेबाने तोच सल्ला योग्य होता.

काकू बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “भंगारात मी माझ्या हाताने नाही देणार. लिलावात कोणी चालवायला घेतली तर घेतली.” मी त्यांना स्पष्ट सांगितलं, की लिलावातही ती भंगारवाल्याकडे जाऊ शकते आणि कोणी तसा शब्द देऊ शकत नाही. “चालेल,” म्हणाल्या. यावर मी आणखी काही बोलले नाही. आकडे समजून घेऊन माणसाने आकड्यांपलीकडचा निर्णय घेतला, तर तो त्याचा निर्णय असतो.

मध्यस्थ कंपनीला मी ईमेलवर दोन गोष्टी लेखी विचारल्या. २०२१ पासूनची रजिस्ट्रेशन फी आणि दंड थकलेला आहे, हे माहीत असून तुम्ही गाडी घेता का? आणि आरईजी ५ सह टायटल तुम्हाला चालतं का? दोन्हीला ‘हो’ असं उत्तर आलं. ते उत्तर छापून फाइलला लावलं. तोंडी ‘चालेल’ आणि लेखी ‘चालेल’ यांत केवढा फरक असतो, ते काकूंच्या ड्राइव्हवेतून परत गेलेल्या पहिल्या ट्रकने दाखवलंच होतं.

त्यांच्या फॉर्मवर गाडी किती मैल चालली हे विचारलं होतं. बॅटरी पूर्ण मेलेली, त्यामुळे मीटर काळाठिक्कर. २०१० किंवा त्याआधीच्या मॉडेलच्या गाड्यांना मैलांची जाहीर नोंद देण्याची संघराज्याच्या नियमांनुसार सक्ती नाही, पण रकाना रिकामा ठेवायला मला आवडेना. गाडी रिकामी करायला म्हणून आम्ही समोरचा कप्पा उघडला, तर जुन्या विम्याची कार्डं आणि टायरच्या पावत्या यांच्याखाली एक लांबट वही निघाली. काकांनी भरलेल्या पेट्रोलचा हिशेब. प्रत्येक ओळीत तारीख, गॅलन, पैसे, मीटरचा आकडा, सगळं देवनागरी अंकांत. शेवटची ओळ ४ मार्च २०२० ची : १,६८,४१२. तोच आकडा मी फॉर्मवर लिहिला. घराचा पत्ता असलेले कागद, टोलचा फास्टट्रॅक टॅग आणि गॅरेजचा रिमोट काढून घेतला. दान केलेल्या गाडीत घराचं दार उघडणारा रिमोट जातो, हे मी खरोखर पाहिलेलं आहे.

नोव्हेंबरमध्ये दुसरा ट्रक आला. सपाट पाठीचा, कारण रजिस्ट्रेशन नसलेली गाडी रस्त्यावरून चालवत नेता येत नाही. एका दिवसाचा परवाना मिळतो, पण सुरूच न होणाऱ्या गाडीला त्याचा काय उपयोग? चालकाने चेसिसचा नंबर टायटलशी ताडून पाहिला, पोचपावती दिली. साध्या नंबर प्लेट्स इथे गाडीबरोबरच जातात, त्या काढायच्या नसतात. म्हणूनच पुढचं काम अंगणातच उरकायचं असतं : मी फोनवरून डीएमव्हीच्या साइटवर ‘रिलीज ऑफ लायबिलिटी’, म्हणजे आरईजी १३८, भरलं. त्याला पाच दिवसांची मुदत असते. पण प्लेट तुमच्या नावावर आणि गाडी परक्याच्या हातात, अशी एक रात्रही का काढायची? नोंद झाल्याची पावती छापली. तोवर काकूंनी ड्राइव्हवे झाडायला घेतला होता.

जानेवारीत १०९८-सी आला. गाडी लिलावात ६५० डॉलरला गेली होती. टो आणि लिलावाचा खर्च व मध्यस्थाचा वाटा जाऊन हॉस्पिसला ३९० मिळाले. हॉस्पिसच्या पत्राखाली कोणीतरी हाताने दोन ओळी लिहिल्या होत्या, काकांचं नाव घालून.

फेब्रुवारीच्या अखेरीस काकूंचा फोन आला, आवाज घाबरलेला. काकांच्या नावाने आणखी एक पाकीट आलं होतं, आणि या वेळी त्यांनी ते फोडलं होतं. टोलचं बिल. इथल्या पुलांवर आता रोख टोल घेत नाहीत. कॅमेरा नंबर प्लेट वाचतो आणि नोंदीतल्या मालकाच्या घरी बिल जातं. नव्या मालकाने गाडी अजून स्वतःच्या नावावर चढवली नसणार. मी म्हटलं, “पैसे भरू नका. आरईजी १३८ ची पावती जोडून त्यांना पाठवू, ते तुमचं नाव काढतील.” मग बिल वाचून दाखवायला सांगितलं. त्या सावकाश वाचू लागल्या. ८ डॉलर. डम्बार्टन पूल. मंगळवार, सकाळी ६ वाजून ४८ मिनिटं.

फोनवर बराच वेळ काही आवाज नव्हता.

“चालतेय गं ती,” काकू म्हणाल्या. “तू त्यांना झेरॉक्स पाठव. हा कागद मी वहीत ठेवते.”